पदवीनंतर किती मुले पुढे शिकली? कॉलेजांची तुलना नीट कशी करावी

बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या कॉलेजात नाव घालावे की जिल्ह्याच्या, हा विषय घरोघरी निघतो. मुलाला एम.एस्सी., एम.ए., बी.एड. किंवा एमएसडब्ल्यूपर्यंत शिकवायचे ज्यांच्या मनात असते ते विचारतात, ‘या कॉलेजातून पुढे किती जण शिकायला जातात?’ प्रश्न योग्यच आहे. पण उत्तर म्हणून माहितीपत्रकातला एक टक्का हाती येतो आणि तो शेजारच्या कॉलेजाच्या टक्क्याला लावून पाहिला जातो. इथेच घोटाळा होतो, कारण दोन्ही कॉलेजांनी भागाकार वेगवेगळ्या आकड्यांनी केलेला असतो. तुम्हाला अंश आणि छेद दोन्ही हवेत आणि भागाकार स्वतः करायचा आहे. खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. पाचवी आधी आणि तिसरी नंतर केली तर सगळे मोजमाप पुन्हा करावे लागते.

कामाला तीन-चार संध्याकाळी आणि कॉलेजामागे दहा फोन लागतात. सुरुवात मार्च-एप्रिलमध्ये करा. ज्या प्राध्यापकांकडे ही कागदपत्रे असतात ते उन्हाळी सुट्टीत भेटत नाहीत. आणि निकालानंतर कार्यालयात प्रवेशाची अशी गर्दी असते की कोणी फाइल काढून देणार नाही.

१. आधी शाखा ठरवा, मग कॉलेज

‘कॉलेजाचा टक्का’ असा एकच आकडा काढू नका. बी.ए., बी.कॉम. आणि बी.एस्सी. यांचा हिशेब वेगळा ठेवा. एम.ए.ला जागा बहुधा सहज मिळते. एम.एस्सी. रसायनशास्त्राला गुणवत्ता यादी लागते आणि जागा मोजक्या असतात. त्यामुळे ज्या कॉलेजात बी.ए.ची मुले जास्त, त्याचा एकूण टक्का आपोआप वर दिसतो. त्यात विज्ञान विभागाची काहीच करामत नसते. बी.एस्सी.तही शक्य असेल तर विषयगट पाहा. रसायन-प्राणी-वनस्पतीशास्त्राची मुले आणि भौतिक-गणित-संगणकाची मुले वेगवेगळ्या वाटांनी जातात.

अभियांत्रिकी, फार्मसी आणि कृषी यांना ही पद्धत जशीच्या तशी लावू नका. बी.ई. झालेल्या मुलाला नोकरी लागली तर तो एम.टेक.ला जात नाही. तिथे कमी टक्का हे वाईट कॉलेजाचे लक्षण नाही. बी.एस्सी. कृषीची मुले स्पर्धा परीक्षांकडे मोठ्या संख्येने वळतात.

‘पुढचे शिक्षण’ म्हणजे काय, हेही आताच कागदावर लिहून ठेवा. तीन रकाने पुरतात.

पहिला रकाना: पदव्युत्तर पदवी. एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी., एमएसडब्ल्यू, एमबीए, एमसीए.

दुसरा रकाना: पदवीनंतरची व्यावसायिक पदवी. बी.एड., बी.पी.एड., तीन वर्षांची एलएल.बी., बी.लिब.

तिसरा रकाना: बाकी सगळे. पदविका, एमएस-सीआयटी, टॅली, टायपिंग, डी.एल.एड., आयटीआय. हे मोजायचे नाही, फक्त नोंदवायचे. डी.एल.एड. बारावीवर होते आणि आयटीआयला पदवी लागत नाही. यादी फुगवायला हीच नावे सर्वांत जास्त कामी येतात.

२. वहीत रकाने आखा

तीन ते पाच कॉलेजे निवडा. त्याहून जास्त घेतलीत तर पडताळणी अर्धवट राहते. शक्यतो एकाच विद्यापीठाची घ्या. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम ही संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाखाली येतात. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाखाली, आणि चंद्रपूर-गडचिरोली २०११ पासून गोंडवाना विद्यापीठाखाली. पेपर आणि निकालाचे वेळापत्रक विद्यापीठागणिक बदलते. पुसद आणि ब्रह्मपुरी यांची तुलना करायचीच असेल तर हा फरक वहीत एका ओळीत लिहून ठेवा.

तीन तुकड्या घ्या: उन्हाळी २०२३, उन्हाळी २०२४ आणि उन्हाळी २०२५ परीक्षेच्या. शेवटच्या तुकडीची माहिती कॉलेजाने अजून वर चढवली नसेल तर दोनच घ्या, पण सर्व कॉलेजांसाठी त्याच दोन. २०२० आणि २०२१ च्या तुकड्या टाळा. कोरोनाकाळातल्या त्या अंतिम परीक्षा ऑनलाइन, बहुपर्यायी पद्धतीने झाल्या आणि निकाल फुगले होते.

प्रत्येक तुकडीसमोर सहा रकाने: प्रथम वर्षाला प्रवेश, सहाव्या सत्राला बसले, उत्तीर्ण, पदव्युत्तरला गेले, व्यावसायिक पदवीला गेले, माहितीचा स्रोत. शेवटचा रकाना कोरा सोडू नका. ‘सरांनी सांगितले’ आणि ‘एक्यूएआर, पान अमुक’ यांची किंमत सारखी नसते (एक्यूएआर हा कॉलेजाचा वार्षिक अहवाल, तो पुढच्या पायरीत येतो).

३. कागद कुठे सापडतात

कॉलेजाच्या संकेतस्थळावर ‘आयक्यूएसी’ (कॉलेजातला गुणवत्ता कक्ष) किंवा ‘नॅक’ (कॉलेजांचे मूल्यांकन करणारी राष्ट्रीय संस्था) नावाचा भाग असतो. तिथे तीन प्रकारचे कागद शोधा.

पहिला एक्यूएआर, म्हणजे कॉलेज नॅकला दरवर्षी देते तो अहवाल. त्यात सरळ निकष ५.२ वर जा. ५.२.२ खाली पुढच्या शिक्षणाला गेलेल्या विद्यार्थ्यांची संख्या असते आणि सोबत जोडलेल्या तक्त्यात विद्यार्थ्याचे नाव, इथली पदवी, पुढची संस्था, पुढचा अभ्यासक्रम असे रकाने असतात. तुमचे खरे काम या तक्त्यावर आहे. त्याच अहवालातल्या २.६.३ मध्ये अंतिम वर्षाचा निकाल असतो. तोही उतरवून घ्या, छेद तिथून मिळतो.

दुसरा एसएसआर, म्हणजे मूल्यांकनाच्या वेळी दिलेला पाच वर्षांचा स्वयंअध्ययन अहवाल. यात एक अडचण आहे. संलग्न कॉलेजांच्या नव्या नमुन्यात नोकरी लागलेले आणि पुढे शिकायला गेलेले यांचा ५.२.१ मध्ये एकत्र टक्का काढतात. जुन्या नमुन्यात ते वेगळे होते. एका कॉलेजाचा जुना आणि दुसऱ्याचा नवा एसएसआर हाती आला आणि दोन्हींतला टक्का शेजारी मांडला, तर तुम्ही नोकरी अधिक शिक्षणाची तुलना नुसत्या शिक्षणाशी करत आहात. शिवाय पडताळणीत नॅक आकडे कमी करू शकते. कॉलेजाने भरलेला आकडा आणि डीव्हीव्हीनंतर, म्हणजे या पडताळणीनंतर, राहिलेला आकडा दोन्ही दिसत असतील तर दुसरा घ्या.

तिसरा एनआयआरएफची, म्हणजे केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीची, पीडीएफ. ग्रामीण भागातली सगळी कॉलेजे या क्रमवारीत उतरत नाहीत, पण जी उतरतात त्यांना आपली माहिती संकेतस्थळावर ठेवावी लागते. क्रमवारीत नाव आले की नाही याला महत्त्व नाही, पीडीएफ असली म्हणजे झाले. त्यात तीन वर्षांच्या पदवीचा एक तक्ता असतो. एकाच ओळीत प्रथम वर्षाची प्रवेशक्षमता, प्रत्यक्ष प्रवेश, ठरलेल्या मुदतीत पदवी मिळालेले, नोकरी लागलेले, त्यांचा मध्यक पगार आणि उच्च शिक्षणासाठी निवड झालेले. आत आलेले आणि बाहेर पडलेले एकाच ओळीत दाखवणारा दुसरा कागद सहसा मिळत नाही. त्यातली खोट एवढीच की बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. एकत्र असतात. म्हणून हा तक्ता ताळा करायला वापरा, शाखेचा हिशेब एक्यूएआरवरून करा.

तपासा: एनआयआरएफच्या ओळीत नोकरी लागलेले आणि उच्च शिक्षणाला गेलेले यांची बेरीज पदवी मिळालेल्यांपेक्षा जास्त येते का? येत असेल तर तो कागद बाजूला ठेवा. बेरीज तीनही वर्षे पदवीधरांच्या आकड्याइतकीच तंतोतंत येत असेल, तरीही संशय घ्या. घरी शेतीला लागलेली, लग्न झालेली, पोलीस भरतीची तयारी करणारी मुले प्रत्येक गावात असतात. ती कागदावर एकही नसतील तर आकडे मागून जुळवलेले आहेत.

४. छेद कोणता

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबून पाहू.

समजा ‘क’ कॉलेजात बी.एस्सी. प्रथम वर्षाला १२० प्रवेश झाले. त्यातले ६४ सहाव्या सत्राला बसले, ४० उत्तीर्ण झाले, २४ पुढे शिकायला गेले. ‘ख’ कॉलेजात ९० प्रवेश, ७५ परीक्षेला बसले, ६६ उत्तीर्ण, ३० पुढे गेले.

उत्तीर्णांनी भागले तर ‘क’चे ६० टक्के, ‘ख’चे ४५. गेटवरच्या फलकावर ‘क’ जिंकते.

परीक्षेला बसलेल्यांनी भागले तर ‘क’चे साडेसदतीस, ‘ख’चे ४०.

प्रथम वर्षाच्या प्रवेशांनी भागले तर ‘क’चे २०, ‘ख’चे ३३.

मुले तीच, आकडेही खरे. ‘क’मध्ये तीन वर्षांत दोनतृतीयांश मुले वाटेत गळाली. जी उरली ती मुळातच तयारीची होती, ती पुढे जाणारच. तुमचा मुलगा अजून प्रथम वर्षाच्या दारात उभा आहे. तो वाटेत अडकणार की सहा सत्रे पार करणार हे तुम्हाला ठाऊक नाही. म्हणून तुमच्या कामाचा मुख्य छेद प्रथम वर्षाचे प्रवेश हाच आहे. उत्तीर्णांचा टक्का दुसऱ्या रकान्यात ठेवा. त्यावरून विभाग शेवटच्या वर्षात मुलांना वाट दाखवतो की नाही एवढे कळते.

प्रथम वर्षाचा आकडा वापरताना तुकडी जुळवून घ्या. उन्हाळी २०२४ ला पदवी घेतलेली मुले २०२१-२२ मध्ये प्रवेश घेतलेली असतात. २०२३-२४ चे प्रवेश घेऊन भागलेत तर सगळे मातीत.

सावधान: ‘गळाले’ या आकड्यात सगळेच शिक्षण सोडलेले नसतात. काही जण पहिल्या वर्षानंतर नर्सिंग, फार्मसी किंवा कृषीला जागा मिळाली म्हणून टी.सी. काढतात, काही एटीकेटीत अडकून वर्षभराने हिवाळी परीक्षेत सुटतात. बी.एस्सी.मध्ये हे प्रमाण मोठे असते. दोन वर्षांतल्या टी.सी.ची संख्या आणि कारणे विचारली तर विभागप्रमुख साधारण अंदाज देतात. तो आकडा छेदातून वजा करू नका, शेजारी लिहा.

५. यादी निवडून घ्या

आता एक्यूएआरचा ५.२.२ चा तक्ता समोर घ्या. कापूस मोजताना ओल आणि सरकीतला कचरा बघतो तशी ही यादी बघायची. हिरव्या शाईची पेन घेऊन एकेक नाव तपासा आणि खालील क्रमाने खोडत जा.

आधी शाखा. तुम्ही बी.एस्सी. पाहत असाल तर बी.ए., बी.कॉम.ची नावे बाजूला. कॉलेजात पदव्युत्तर वर्ग असतील तर एम.ए. करून बी.एड.ला गेलेली मुलेही याच यादीत असतात. तीही काढा.

मग दुबार नावे. एकाच मुलीचे नाव एम.ए. आणि बी.एड. दोन्हींसमोर येते, कारण तिने दोन्हीकडे अर्ज केलेला असतो. आडनाव आधी की नाव आधी, इनिशियल की पूर्ण नाव, अशा फरकामुळे दुबार नोंद नजरेतून सुटते. यादी संगणकात घेऊन आडनावाने लावली की लगेच दिसते.

मग तुकडी. २०२३-२४ च्या यादीत फक्त उन्हाळी २०२४ ला सुटलेली मुले हवीत. आदल्या वर्षी सुटून यंदा प्रवेश घेतलेली मुले दोन्ही वर्षांच्या यादीत असू शकतात. शंका आली तर मागच्या वर्षाचा तक्ता शेजारी ठेवून नावे जुळवा.

मग तिसऱ्या रकान्यातले अभ्यासक्रम काढा.

शेवटी संस्थेचा रकाना कोरा असलेली नावे. ‘पुढील शिक्षण’ एवढेच लिहिलेले असेल तर ती नोंद बहुधा टी.सी. रजिस्टरवरून उतरवलेली असते. टी.सी. मागताना कारणाच्या रकान्यात बाबू सवयीने ‘पुढील शिक्षणासाठी’ लिहितात. मुलाने दाखला घेऊन पुण्याला कंपनीत काम धरले असले तरी कागदावर तो उच्च शिक्षणाला गेलेलाच राहतो. अशी नावे मोजू नका.

उदाहरणार्थ, बी.एस्सी.ची ३८ नावे होती. ४ दुबार, ६ आधीच्या तुकडीची, ५ पदविका-टॅलीवाली आणि ३ संस्थेशिवायची. खोडल्यावर उरली २०. हिशेबात २० धरा. प्रत्येक कॉलेजाला हीच चाळणी लावा. आवडत्या कॉलेजासाठी चाळणी सैल करायचा मोह होतो, तेव्हा सावध राहा.

६. तीन वर्षे एकत्र करा

ग्रामीण कॉलेजात बी.एस्सी. अंतिम वर्षाला वीस-तीस मुले असणे नेहमीचे आहे. वीसांत दोन मुले जास्त गेली की टक्का दहाने उडी मारतो. म्हणून तीनही तुकड्यांचे अंश एकत्र बेरजेला घ्या, छेद एकत्र बेरजेला घ्या, मग एकदाच भागा.

वर्षवार टक्के काढून त्यांची सरासरी घेऊ नका. ८ पैकी ४, ३० पैकी ६, ४० पैकी ८ असे तीन वर्षांचे आकडे असतील तर टक्के ५०, २०, २० आणि सरासरी ३० येते. खरा हिशेब ७८ पैकी १८, म्हणजे २३. लहान तुकडीचे एक नशीबवान वर्ष सगळा टक्का वर ओढते. कॉलेजाने नुसती ‘पाच वर्षांची सरासरी’ दिली असेल तर वर्षवार संख्या मागा.

तपासा: तीन वर्षांची मिळून शंभराच्या आत मुले असतील तर दोन कॉलेजांतला दहा-पंधरा टक्क्यांचा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. अशा वेळी दोन्ही कॉलेजे सारखी धरा आणि निवड पुढच्या पायऱ्यांवर सोडा.

७. गेले, पण कुठे गेले

उरलेल्या नावांपुढे पाचपैकी एक खूण करा: त्याच कॉलेजात, दुसऱ्या संलग्न कॉलेजात, विद्यापीठाच्या विभागात किंवा शासकीय संस्थेत, राज्याबाहेरच्या किंवा राष्ट्रीय संस्थेत, दूरस्थ पद्धतीने.

कॉलेजाच्याच आवारात एम.ए. मराठी किंवा एम.कॉम. असेल तर तिथे थांबणाऱ्यांची संख्या मोठी दिसते. ते वाईट नाही. धारणी किंवा सिरोंचाच्या मुलीसाठी घराजवळ एम.ए. असणे हीच पुढे शिकण्याची एकमेव वाट असू शकते. सिरोंचाहून गडचिरोली दोनशेहून अधिक किलोमीटर आहे, रोजचे जाणे-येणे शक्य नाही. पण ज्या कॉलेजात पदव्युत्तर वर्गच नाहीत त्याची तुलना अशा कॉलेजाशी करताना ‘त्याच कॉलेजात’ ही खूण वगळूनही एकदा टक्का काढा. दोन्ही आकडे वहीत राहू द्या.

विज्ञानाच्या मुलांसाठी मला तिसऱ्या आणि चौथ्या खुणेचे वजन सर्वांत जास्त वाटते. नागपूरची शासकीय विज्ञान संस्था, अमरावतीची शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था, विद्यापीठांचे स्वतःचे विभाग, आयआयटी जॅममधून मिळालेली जागा, सीयूईटी-पीजीमधून मिळालेले केंद्रीय विद्यापीठ: यातले तीन वर्षांत तीन-चार प्रवेशही तालुक्याच्या कॉलेजासाठी बरेच सांगून जातात. अशा परीक्षांचा अर्ज कधी भरायचा हे सांगणारा निदान एक प्राध्यापक तिथे आहे, एवढा त्याचा अर्थ.

बी.एड., तीन वर्षांची एलएल.बी., एमबीए आणि एमसीए यांना राज्याच्या सीईटी कक्षाची प्रवेशपरीक्षा असते. म्हणून या नोंदी पडताळायला सोप्या: सीईटी दिली का, फेरीत कोणते कॉलेज मिळाले, एवढे विचारले की पुरे.

दूरस्थ पद्धतीचे प्रवेश, म्हणजे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू, मोजा पण वेगळे. काम करत शिकणाऱ्यांना त्याचा उपयोग आहेच. मात्र नाव नोंदवून पुस्तके आणली आणि परीक्षा दिलीच नाही, असेही इथेच जास्त घडते.

नेट-सेटच्या आकड्यावर भुलू नका. ५.२.३ मध्ये हे आकडे असतात. नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा सहसा पदव्युत्तर शिक्षणावर होते. कॉलेजात पदव्युत्तर वर्ग नसतील आणि तरी नेट-सेटवाल्यांची यादी लांब असेल, तर ती माजी विद्यार्थ्यांची आहे. त्यांची तयारी दुसरीकडे झाली.

८. दहा फोन

कागद कितीही नीट असला तरी फोनशिवाय तो पुरा नाही. उरलेल्या यादीतून दहा नावे निवडा. निवड पद्धतशीर हवी. २० नावे असतील तर एक सोडून एक घ्या. कॉलेजाने ‘यांना विचारा’ म्हणून दिलेले नंबर या दहात धरू नका.

नंबर मिळवायला गावातला त्याच कॉलेजाचा द्वितीय-तृतीय वर्षाचा विद्यार्थी, विषयाचा व्हॉट्सअॅप गट किंवा विभागप्रमुख उपयोगी पडतात. माजी विद्यार्थिनींना फोन घरातल्या आईने, काकूने किंवा ताईने केलेला बरा. अनोळखी पुरुषाचा आवाज ऐकून फोन ठेवला गेला तर तुमचा नमुना फक्त मुलांचा उरतो आणि मुलींचे काय झाले ते कळतच नाही. नावांची यादी पुढे कुठे पाठवू नका.

प्रश्न पाचच, याच क्रमाने. सहावे सत्र कोणत्या परीक्षेत सुटले? आता कोणत्या संस्थेत, कोणत्या अभ्यासक्रमाला? नियमित की दूरस्थ? दुसऱ्या वर्षाला गेलात का? अर्ज भरताना कॉलेजातून कोणी मदत केली का, आणि नेमकी काय?

चौथा प्रश्न विसरू नका. प्रवेश घेतला की कॉलेजाच्या कागदावर त्याची नोंद होते. शहरात खोलीचे भाडे आणि मेसचा खर्च झेपला नाही म्हणून दिवाळीनंतर परतलेला मुलगा त्या कागदातून वजा होत नाही. पाचव्या प्रश्नाचे उत्तर ‘आम्हीच सगळे केले, कॉम्प्युटरवाल्याकडून फॉर्म भरला’ असे आठ-नऊ जणांकडून आले, तर वरचा टक्का त्या मुलांच्या आणि घरच्यांच्या जिद्दीचा आहे. कॉलेजाच्या खात्यात तो जमा धरू नका.

दहापैकी सात नोंदी खऱ्या निघाल्या तर २० च्या जागी १४ धरा. पाचपेक्षा कमी खऱ्या निघाल्या तर त्या कॉलेजाचा पूर्ण तक्ताच रद्द समजा.

९. माहिती मिळालीच नाही तर

आधी साधे पत्र. प्राचार्यांच्या नावे, आयक्यूएसी समन्वयकांना प्रत, हवी ती आकडेवारी चार ओळींत. पत्राची पोच दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह घ्या. दहा-बारा दिवस वाट पाहा. बऱ्याच ठिकाणी एवढ्यावर काम होते, कारण एआयएसएचईसाठी, म्हणजे केंद्र सरकारच्या उच्च शिक्षणाच्या सर्वेक्षणासाठी, भरलेल्या डीसीएफ-२ नमुन्यात प्रवेश आणि निकालाचे आकडे तयार असतात.

झाले नाही तर माहितीचा अधिकार अधिनियम २००५ खाली अर्ज करा. अनुदानित कॉलेजात जन माहिती अधिकारी असतो. अर्ज ‘जोडपत्र अ’मध्ये, १० रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावून करायचा. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी नाही, दाखल्याची प्रत जोडा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. असा लिहिता येईल:

‘आपल्या महाविद्यालयातील बी.एस्सी. अभ्यासक्रमाबाबत उन्हाळी २०२३, २०२४ व २०२५ या परीक्षांच्या तुकड्यांची पुढील संख्यात्मक माहिती मिळावी. (१) त्या तुकडीचे प्रथम वर्षाचे प्रवेश. (२) सहाव्या सत्राच्या परीक्षेस बसलेले नियमित विद्यार्थी. (३) त्यांपैकी पदवी उत्तीर्ण. (४) उत्तीर्णांपैकी पुढील शिक्षणास गेल्याची नोंद असलेल्यांची अभ्यासक्रमनिहाय व संस्थानिहाय संख्या. विद्यार्थ्यांची नावे किंवा वैयक्तिक तपशील नकोत. ही माहिती एक्यूएआर किंवा डीसीएफ-२ मध्ये असल्यास त्या पानांच्या प्रती द्याव्यात.’

‘नावे नकोत’ हे वाक्य गाळू नका. नावे मागितली की वैयक्तिक माहितीचे कारण दाखवून अख्खा अर्ज नाकारला जातो. ‘असे का झाले’, ‘प्रमाण कमी का’ असे प्रश्नही घालू नका. कायद्याने नोंदी मिळतात, खुलासे मिळत नाहीत. उत्तराची मुदत ३० दिवस आहे. न मिळाल्यास पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील, २० रुपयांच्या स्टॅम्पसह. त्यापुढचे दुसरे अपील राज्य माहिती आयोगाकडे जाते. पण तोवर प्रवेशाचा हंगाम उलटून जाईल. त्यात वेळ घालवू नका.

कायम विनाअनुदानित कॉलेज ‘आम्हाला हा कायदा लागू नाही’ म्हणून हात वर करू शकते. तिथे वाद न घालता हाच अर्ज विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे करा आणि फक्त कॉलेजनिहाय बसलेले व उत्तीर्ण एवढेच मागा. छेदाची एक बाजू तरी पक्की होते. अंश फोन करून काढावा लागेल.

१०. ठरवताना

आता प्रत्येक कॉलेजासमोर चार आकडे असतील: प्रवेशांवरचा टक्का, उत्तीर्णांवरचा टक्का, बाहेरच्या किंवा शासकीय संस्थांत गेलेल्यांची संख्या आणि दहांपैकी खऱ्या निघालेल्या नोंदी. यांची बेरीज करून एकच गुण काढू नका. पहिल्या आकड्यात स्पष्ट फरक असेल तर निवड तिथेच झाली. नसेल तर मुलीचे विषय, एसटीची वेळ, वसतिगृह आणि तिसरा आकडा पाहून ठरवा. नॅकची श्रेणी यात आणू नका. त्या श्रेणीत ग्रंथालयापासून संशोधन निबंधांपर्यंत सगळे मिसळलेले असते.

प्रवेशाआधी कॉलेजात एक प्रश्न तेवढा विचारून घ्या. महाराष्ट्रातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम सुरू झाला आहे. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते किंवा चौथे वर्ष करून ऑनर्स घेता येते आणि त्यानंतरची पदव्युत्तर पदवी एका वर्षाची असते. चौथे वर्ष प्रत्येक कॉलेजात असेलच असे नाही. तुमच्या विषयाला ते इथे आहे का, नसेल तर तिसऱ्या वर्षानंतर मुले कुठे जाणार, याचे उत्तर लेखी नाही तरी विभागप्रमुखांकडूनच घ्या, प्रवेशाच्या टेबलावर बसलेल्या मुलांकडून नको. २०२४-२५ च्या प्रवेशाची तुकडी उन्हाळी २०२७ ला तिसरे वर्ष पूर्ण करेल. तिथून पुढच्या याद्या पाहताना चौथ्या वर्षाला थांबलेली मुले ना पदव्युत्तरमध्ये मोजा, ना गळालेल्यांत. त्यांना सातवा रकाना आखा.